फॉर्ममधून भलताच डेटा येतो तेव्हा: गडबड नेमकी कुठे झाली हे शोधण्याची रीत

फॉर्म भरणारा शपथेवर सांगतो की सगळं नीट भरलं होतं. डेटाबेसमध्ये मात्र मोबाईल नंबरच्या जागी शून्य, नावाच्या जागी प्रश्नचिन्हं, आणि निवडलेल्या चार विषयांपैकी एकच. अशा वेळी बहुतेक जण थेट स्क्रिप्ट उघडतात. इथे ट्रिम लावून कडेच्या स्पेस काढ, तिथे ‘इसेट’ने फील्ड आलं का तपास, रिकामं आलं तर डिफॉल्ट टाक. तक्रार थांबतेही, पण मूळ बिघाड झाकला जातो आणि दोन महिन्यांनी दुसऱ्या फील्डमधून डोकं वर काढतो.

फॉर्मचा डेटा बऱ्याच हातांतून जातो: ब्राउझर, वाटेतला रीडायरेक्ट (दुसऱ्या पत्त्याकडे वळवणं), वेब सर्व्हर, भाषेचा स्वतःचा पार्सर (आलेला मजकूर फील्डांत फोडणारा भाग), तुमची स्क्रिप्ट, मग डेटाबेस. कोणत्या हातात तो बदलला हे कळल्याशिवाय कोडला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम मी पाळतो. खालचा सगळा क्रम त्यासाठीच आहे. उदाहरणाला महाविद्यालयाचा साधा प्रवेश-अर्ज धरू: नाव, मोबाईल, जन्मतारीख, विषयांचे चेकबॉक्स, पत्त्याचा मोठा चौकोन आणि फोटो. भाषा पीएचपी धरली आहे, कारण आपल्याकडच्या लहान संस्थांच्या साइट्स शेअर्ड होस्टिंगवर प्रामुख्याने त्यातच चालतात. नोड, पायथन, जावा वेगळं वागतात तिथे तसं सांगेन.

## आधी लक्षण नीट लिहून काढा

‘डेटा येत नाही’ ही तक्रार कामाची नाही. फील्डचं नावच आलेलं नाही, नाव आलं पण किंमत रिकामी आहे, किंमत आली पण अर्धवट आहे, आणि पूर्ण आली पण बदललेली आहे, ही चार वेगळी दुखणी आहेत आणि चौघांची मुळं वेगळ्या ठिकाणी असतात.

हा फरक डोळ्यांना दिसायला हवा. पीएचपीत ‘एको’ किंवा ‘प्रिंट_आर’ने छापलं तर नल, फॉल्स आणि रिकामी स्ट्रिंग तिन्ही सारखेच दिसतात, म्हणजे काहीच दिसत नाही. ‘व्हार_डंप’ वापरा. तो प्रकारही सांगतो आणि बाइटमधली लांबीही. ‘राम’ हे दोन अक्षरी नाव त्यात ९ लांबीचं दिसलं तर ते बरोबर आहे. १० दिसलं तर मागे एक स्पेस लपली आहे.

‘एम्प्टी’ या फंक्शनचा सापळाही इथेच ओळखून ठेवा. ‘किती भावंडं?’ या प्रश्नाला कोणी 0 लिहिलं, तर पीएचपीच्या लेखी ते रिकामंच. अर्जदाराला ‘हे फील्ड भरा’ असा संदेश येत राहतो आणि तो बिचारा पुन्हा पुन्हा शून्य टाकत बसतो.

दुसरा प्रश्न: हे सगळ्यांच्याच बाबतीत होतंय की काहींच्याच? सगळ्यांचं बिघडत असेल तर कोड किंवा कॉन्फिगरेशन. काहींचंच बिघडत असेल तर त्यांचा मजकूर, त्यांचा कीबोर्ड, त्यांचा ब्राउझर, नाहीतर ते ‘काही जण’ माणसंच नसून बॉट (आपोआप फॉर्म भरणारे प्रोग्राम) आहेत. इतक्याने निम्मा शोध संपतो.

## ब्राउझरने खरोखर काय पाठवलं?

क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये एफ-१२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा आणि आधी ‘प्रिझर्व्ह लॉग’वर टिचकी मारा (फायरफॉक्समध्ये हा पर्याय ‘पर्सिस्ट लॉग्ज’ नावाने सापडेल). ते विसरलात तर पान बदलताच नोंद पुसली जाते. मग फॉर्म सबमिट करा, यादीतली पहिली विनंती निवडा आणि पेलोड, म्हणजे विनंतीसोबत गेलेला डेटा, बघा. क्रोम तो सजवून दाखवतो. शेजारच्या ‘व्ह्यू सोर्स’वर क्लिक केलं की कच्चं रूप दिसतं. आपल्याला कच्चंच हवं आहे.

फील्ड इथेच गायब असेल, तर सर्व्हरकडे पाहायची गरज नाही. ब्राउझरचे नियम ठरलेले आहेत. ‘नेम’ नसलेलं फील्ड पाठवलं जात नाही, ‘आयडी’ कितीही असो. ‘डिसेबल्ड’ फील्ड जात नाही, ‘रीडओन्ली’ जातं. टिक न केलेला चेकबॉक्स जातच नाही, रिकामा म्हणूनही नाही. टिक केलेल्या चेकबॉक्सला ‘व्हॅल्यू’ दिली नसेल तर ‘ऑन’ एवढाच शब्द जातो. सिलेक्टमधल्या पर्यायाला व्हॅल्यू नसेल तर त्याचा दिसणारा मजकूर जातो.

सबमिट बटणाचं प्रकरण थोडं वेगळं आहे. फॉर्मवर ‘मसुदा जतन करा’ आणि ‘अर्ज पाठवा’ अशी दोन बटणं असतील, तर ज्यावर क्लिक झालं त्याचंच नाव सर्व्हरला जातं. पण जावास्क्रिप्टने ‘फॉर्म.सबमिट’ म्हणून पाठवलं तर कोणत्याच बटणाचं नाव जात नाही, वर ब्राउझरची अंगभूत तपासणीही होत नाही. ‘रिक्वेस्टसबमिट’ वापरलं तर तपासणी होते, आणि बटण सोबत दिलं तर त्याचं नावही जातं. एखाद्याने बटणाचं नावच ‘सबमिट’ ठेवलं असेल, तर ‘फॉर्म.सबमिट’ म्हणजे फंक्शन न राहता ते बटणच होतं आणि कन्सोलमध्ये ‘हे फंक्शन नाही’ अशी चूक दिसते. बटणाला दुसरं काहीही नाव द्या.

एका फॉर्मच्या आत दुसरा फॉर्म असेल, तर ब्राउझर आतल्याची सुरुवात मानत नाही, पण त्याचा शेवट मानतो. म्हणजे आतला फॉर्म जिथे बंद होतो तिथेच बाहेरचाही संपतो, आणि खालची फील्डं उघड्यावर पडतात. टेम्प्लेटचे तुकडे जोडून बनवलेल्या पानांत हे हमखास होतं, आणि कोड वाचून सहसा सापडत नाही, कारण प्रत्येक तुकडा आपापल्या फाइलमध्ये बरोबरच असतो. ब्राउझरच्या एलिमेंट्स टॅबमध्ये फॉर्म कुठे संपतो ते पाहा.

फोटोऐवजी फोटोच्या फाइलचं नुसतं नाव येत असेल, तर फॉर्मवर मल्टिपार्ट ‘एनकटाइप’ लिहायचं राहिलं आहे. उलट बाजूने, ‘फेच’मधून ‘फॉर्मडेटा’ पाठवताना कंटेंट-टाइपचा हेडर कधीही हाताने लावू नका. मल्टिपार्टमध्ये दोन फील्डांमधली सीमारेषा त्याच हेडरमध्ये लिहिलेली असते आणि ती ब्राउझरलाच ठाऊक असते. तुम्ही हेडर लिहिलात की सीमा हरवते आणि सर्व्हरला फील्डं वेगळी करता येत नाहीत.

## वाटेत रीडायरेक्ट आहे का?

पेलोड बरोबर आहे, सर्व्हरवर मात्र सगळंच रिकामं, आणि विनंती पोस्टऐवजी (डेटा पाठवण्याची पद्धत) गेट (नुसतं पान मागण्याची पद्धत) म्हणून नोंदली गेली आहे. असं असेल तर नेटवर्क टॅबमधल्या स्टेटसच्या रकान्यात ३०१ किंवा ३०२ शोधा. फॉर्मच्या ‘ॲक्शन’मध्ये जुना एचटीटीपी पत्ता राहिला आहे, किंवा ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ आहे आणि साइट त्याविना चालते, किंवा फोल्डरच्या नावापुढची तिरकी रेघ राहिली आहे. सर्व्हर योग्य पत्त्यावर पाठवतो, पण ३०१ आणि ३०२ नंतर ब्राउझर पोस्टचा गेट करतो आणि सोबतचा मजकूर टाकून देतो. ३०७ आणि ३०८ मध्ये तसं होत नाही. तरी उपाय म्हणून ३०८ लावत बसू नका, ॲक्शनमधला पत्ता दुरुस्त करा. एसएसएल बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी ‘फॉर्म बंद पडला’ असा फोन आला तर मी सगळ्यात आधी हेच पाहतो.

## सर्व्हरवर कच्चा मजकूर पकडा

आता स्क्रिप्टच्या अगदी पहिल्या ओळींत, कोणतीही इन्क्लूड फाइल येण्याआधी, पाच गोष्टी एका फाइलमध्ये लिहा: विनंतीची पद्धत, कंटेंट-टाइप, कंटेंट-लेंग्थ, ‘पीएचपी इनपुट’ या प्रवाहातला कच्चा मजकूर आणि पोस्ट ॲरेचा (पीएचपी आलेली फील्डं ज्यात भरतं त्या यादीचा) व्हार_डंप. ही फाइल वेब फोल्डरच्या बाहेर ठेवा. आत ठेवलीत तर पत्ता माहीत असलेला कोणीही ती वाचू शकेल. पासवर्ड, आधार क्रमांक असली फील्डं लिहिण्याआधी गाळा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि विसरून राहिलेली डीबग फाइल म्हणजे लोकांची खासगी माहिती वाऱ्यावर सोडणंच. मल्टिपार्ट फॉर्मसाठी हा कच्चा प्रवाह रिकामा दिसतो, ते नेहमीचंच आहे. तिथे बाकीच्या चार नोंदींवर भागवा.

कच्चा मजकूर आहे पण पोस्ट ॲरे रिकामा? कंटेंट-टाइप बघा. पीएचपी हा ॲरे फक्त दोन प्रकारांसाठी भरतं: यूआरएल-एनकोडेड आणि मल्टिपार्ट. जावास्क्रिप्टमधून जेसन (डेटा लिहिण्याची एक मजकुरी पद्धत) पाठवलं असेल तर ते कच्च्या प्रवाहातून वाचून स्वतः डीकोड करावं लागतं. नोडच्या एक्सप्रेसमध्येही तीच कथा: जेसन आणि यूआरएल-एनकोडेडसाठी वेगवेगळे मिडलवेअर (विनंती राउटपर्यंत पोचण्याआधी चालणारे तुकडे) आहेत. ते लावले नाहीत, किंवा राउटच्या नंतर लावले, तर बॉडी मिळत नाही. मल्टिपार्ट तर त्या दोघांनाही कळत नाही, त्यासाठी मल्टरसारखं वेगळं पॅकेज लागतं.

कंटेंट-लेंग्थ मोठी, पण पोस्ट आणि फाइल्स दोन्ही ॲरे पूर्ण रिकामे? मग ‘पोस्ट_मॅक्स_साइझ’ ओलांडली आहे. पीएचपीत तिची मूळ मर्यादा ८ एमबी, आणि एका अपलोड फाइलची २ एमबी. आजच्या फोनचा एक फोटोच त्यापुढे जातो. दोन मर्यादांची लक्षणं वेगळी आहेत. एकट्या फाइलची मर्यादा ओलांडली तर बाकीची फील्डं सुखरूप येतात आणि फाइलच्या नोंदीत एरर १ दिसतो. एकूण मर्यादा ओलांडली तर नाव-पत्त्यासकट सगळंच जातं. तेव्हा स्क्रिप्ट ‘नाव भरा, मोबाईल भरा, तारीख भरा’ असं ओरडू लागते आणि खरं कारण असलेला फोटो कोणाच्या ध्यानातही येत नाही. पद्धत पोस्ट आहे, लांबी शून्याहून जास्त आहे आणि दोन्ही ॲरे रिकामे आहेत, एवढी अट वर तपासून ‘फोटो फार मोठा आहे’ असा संदेश द्या. विनंती स्क्रिप्टपर्यंत पोचलीच नसेल आणि स्टेटस ४१३ असेल, तर अडवणारा स्क्रिप्टच्या आधी बसलेला वेब सर्व्हर आहे. एनजिनएक्स या वेब सर्व्हरची मूळ मर्यादा अवघी १ एमबी असते.

मला सगळ्यात शिकवून जाणारी वाटते ती तिसरी मर्यादा. समजा शिक्षकांसाठी गुणपत्रकाचं पान केलं आहे: ६० विद्यार्थी, प्रत्येकाचे २० रकाने. म्हणजे १२०० फील्डं. पहिल्या पन्नास जणांचे गुण जतन होतात, शेवटच्या दहांचे होत नाहीत. चूक कुठेच दिसत नाही. वीस जणांच्या तुकडीवर चाचणी केली तर सगळं सुरळीत. कारण ‘मॅक्स_इनपुट_व्हार्स’ ही मर्यादा मुळात १००० असते आणि त्यापुढची फील्डं पीएचपी सोडून देतं, फक्त लॉगमध्ये एक वॉर्निंग टाकून. आता याच फॉर्ममध्ये सीएसआरएफ टोकनचं (अर्ज आपल्याच पानावरून आला याची खूण) लपवलेलं फील्ड आहे असं धरा. ते सर्वात वर असेल तर एक जागा ते खातं, आणि पन्नासाव्या विद्यार्थ्याचा शेवटचा रकानाही जातो. ते सर्वात खाली असेल तर टोकनच कापलं जातं आणि शिक्षकांना ‘तुमचं सत्र संपलं आहे’ असं दिसतं. मग आपण सेशनचं कोड उकरत बसतो!

ही मर्यादा आली ती सुरक्षेपायी. डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये दाखवलं गेलं की मुद्दाम निवडलेल्या हजारो फील्ड-नावांनी फील्डं साठवणाऱ्या हॅश टेबलची गती मारून सर्व्हर ठप्प करता येतो. पुढच्याच महिन्यात पीएचपी ५.३.९ मध्ये ही सेटिंग आली. पायथनच्या जँगोतही फील्डांची मूळ मर्यादा १००० आहे, पण तो गुपचूप कापत नाही, विनंतीच नाकारतो. मला हे वागणं जास्त प्रामाणिक वाटतं.

स्क्रिप्टमध्ये ‘इनी_सेट’ करून यातलं काहीही बदलत नाही, कारण स्क्रिप्ट सुरू होण्याआधीच पोस्टचं पार्सिंग झालेलं असतं. शेअर्ड होस्टिंगवर ‘डॉट यूजर डॉट इनी’ फाइलमध्ये मर्यादा वाढवा आणि पाच मिनिटं थांबा. पीएचपी ती फाइल मुळात ३०० सेकंदांनी एकदा वाचतं, त्यामुळे ‘बदललं तरी फरक नाही’ म्हणून लगेच दुसरं काही बदलू नका. मात्र १२०० फील्डांचा फॉर्म असेल तर मर्यादा वाढवण्यापेक्षा पानाचेच दोन भाग करणं, किंवा सगळे गुण एका जेसनमध्ये पाठवणं बरं.

## नावांचे घोटाळे

ब्राउझरच्या पेलोडमधली नावं आणि व्हार_डंपमधली नावं शेजारी ठेवून वाचा. पीएचपी फील्डच्या नावातला टिंब आणि स्पेस बदलून अंडरस्कोर करतं. पूर्वी फील्डांची थेट व्हेरिएबल्स बनत असत आणि व्हेरिएबलच्या नावात टिंब चालत नाही, ती सवय अजून टिकून आहे.

विषय चार निवडले आणि एकच आला, तर चेकबॉक्सच्या नावापुढे चौकटी कंस राहिले आहेत. त्यांच्याशिवाय पीएचपी एकाच नावाची शेवटची किंमत ठेवतं. इथे प्रत्येक भाषेचा स्वभाव निराळा आहे, म्हणून दुसऱ्या भाषेतून आलेला माणूस हमखास फसतो. जँगो साध्या वाचनात शेवटची किंमत देतो, पायथनचाच फ्लास्क पहिली, आणि पूर्ण यादी हवी तर दोघांकडेही ‘गेटलिस्ट’ आहे. जावा सर्व्हलेटचं ‘गेटपॅरामीटर’ पहिली देतं. एक्सप्रेस दोन आल्या तर ॲरे देतो आणि एकच आली तर साधी स्ट्रिंग. त्यामुळे एकच विषय निवडणाऱ्याच्या अर्जावर तुमचा लूप त्या विषयाच्या नावातलं एकेक अक्षर फिरवत बसतो.

कोणी खोडसाळपणे तुमच्या साध्या ‘नाव’ फील्डला कंस लावून पाठवलं, तर तुमच्या हाती ॲरे पडतो आणि पीएचपी ८ मध्ये ट्रिम थेट टाइपएरर फेकतं. एरर लॉगमध्ये असं दिसलं तर घाबरू नका. ‘ही स्ट्रिंगच आहे ना’ हे आधी तपासा, नसेल तर ४०० देऊन मोकळे व्हा.

## मराठी मजकूर: इथे सावकाश जा

बिघडलेली देवनागरी तीन रूपांत दिसते आणि तिन्ही रूपं वेगळ्या टप्प्याकडे बोट दाखवतात.

डेटाबेसमध्ये &#2344; असं काही दिसलं, तर दोष पानाचा आहे. पानाचं एनकोडिंग (अक्षरं बाइटांत लिहिण्याची पद्धत) यूटीएफ-८ नसेल तर त्यात न बसणारं अक्षर ब्राउझर आकड्याच्या रूपात पाठवतो. 2344 म्हणजे ‘न’. पानाच्या हेडरमध्ये यूटीएफ-८ जाहीर करा.

नुसती ???? दिसली, तर वाटेत कोणीतरी मजकूर देवनागरीला जागाच नसलेल्या संचात बदलला आहे, आणि मूळ मजकूर कायमचा गेला आहे. बहुतेकदा हे मायएसक्यूएल डेटाबेसचं कनेक्शन किंवा लॅटिन-१ मधला जुना तक्ता असतो. तक्ता यूटीएफ-८-एमबी-४ असून भागत नाही, कनेक्शन उघडतानाही तोच संच सांगावा लागतो.

स्वरचिन्हं लागलेल्या लॅटिन अक्षरांची रांग दिसली, तर बाइट शाबूत आहेत, कोणीतरी चुकीच्या संचाने ते वाचतंय. ‘बिन-टू-हेक्स’ने पाहा: देवनागरीचं प्रत्येक अक्षर, मात्रा, हलंत यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं असतं आणि ई०-ए४ किंवा ई०-ए५ ने सुरू होतं. तसं असेल तर मजकूर परत मिळवता येतो. मात्र ती लॅटिन अक्षरं साधी, स्वरचिन्हांविना असतील, तर अर्जदाराने कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर पेस्ट केलेला असू शकतो. ते मुळात युनिकोड नाहीच. तिथे फाँट कन्व्हर्टर लागतो.

मजकूर मधेच, नेमका इमोजीपाशी तुटत असेल तर तक्ता जुन्या तीन बाइटांच्या यूटीएफ-८ मध्ये आहे. देवनागरी तीन बाइटांत बसते, इमोजीला चार लागतात. म्हणून वर्षानुवर्षं मराठी नीट चालते आणि कोणीतरी पत्त्यापुढे नमस्काराचं चिन्ह टाकलं की पुढचा पत्ता गायब.

लांबी मोजताना ‘नमस्ते’ घ्या: पीएचपीचं ‘स्ट्रलेन’ १८ सांगतं, ‘एमबी_स्ट्रलेन’ ६. मायएसक्यूएलचा व्हारचार ६ धरतो. ‘सबस्ट्र’ने १०० बाइटांवर कापलं तर अक्षर मधोमध तुटू शकतं, आणि मग जेसन_एनकोड गुपचूप फॉल्स देतं. कापायचं ते एमबी फंक्शननेच.

नावाची ‘साफसफाई’ हा सगळ्यात वाईट प्रकार. इंग्रजी नावांसाठी लिहिलेला, युनिकोडच्या ‘अक्षर’ गटात न बसणारं सगळं काढणारा रेग्युलर एक्स्प्रेशन मराठीला लावला की ‘विनोद’चा ‘वनद’ होतो, कारण मात्रा आणि हलंत ‘अक्षर’ गटात नसून ‘चिन्ह’ गटात आहेत. दोन्ही गटांना परवानगी द्या. अदृश्य चिन्हं सरसकट काढली तर ‘कुर्‍हाड’चा ‘कुर्हाड’ होतो, कारण काही कीबोर्ड अर्धा र लिहिताना झिरो विड्थ जॉइनर हे अदृश्य जोडचिन्ह घालतात. दुसरे कीबोर्ड तेच ‘कुऱ्हाड’ असं नुक्त्याच्या ऱ ने लिहितात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, तुलनेत मात्र जुळत नाहीत. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करणं) र आणि वेगळा नुक्ता जोडून ऱ करतं, पण जॉइनरवाल्या रूपाला हात लावत नाही. ‘ॲ’ आणि अ-वर-चंद्र यांचंही तेच. म्हणून ‘गोऱ्हे’ आडनाव शोधल्यावर निम्मेच अर्ज सापडत असतील तर एनएफसी केल्यावर ही दोन बदल-जोड्या स्वतः लावा, आणि साठवतानाही लावा, शोधतानाही लावा.

## आकडे, तारखा, फोन नंबर

मराठी कीबोर्डवरून कोणी १२ लिहिलं तर? पीएचपीत त्याचा इंटिजर केला की 0 येतो. जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ त्याला आकडाच मानत नाही. पायथनचं ‘इंट’ मात्र सरळ बारा देतं. पीएचपीतला खरा सापळा पुढे आहे: रेग्युलर एक्स्प्रेशनला यू हा मॉडिफायर लावला असेल तर त्यातलं ‘अंक’ हे चिन्ह देवनागरी अंकांनाही होकार देतं. म्हणजे तपासणी पास आणि साठवण शून्य! फॉर्म नाकारू नका, ० ते ९ हे दहा अंक आधी बदलून घ्या आणि मग तपासा. मराठी फॉर्ममध्ये मराठी अंक लिहिणं हा काही गुन्हा नाही.

फोनच्या संपर्कयादीतून कॉपी केलेल्या नंबराच्या आगेमागे मजकुराची दिशा सांगणारी अदृश्य चिन्हं येऊ शकतात. दहा अंकी नंबर ‘चुकीचा’ ठरला आणि डोळ्यांना काही दिसत नसेल तर हेक्समध्ये बघा. वेबपानावरून कॉपी केलेली न तुटणारी स्पेस पीएचपीच्या साध्या ट्रिमने निघत नाही, पीएचपी ८.४ मधल्या ‘एमबी_ट्रिम’ने निघते. नंबराच्या फील्डात अंक सोडून सगळं काढलं तरी चालतं, नावाच्या फील्डात ते चालत नाही. एकच ‘क्लीन’ फंक्शन सगळ्या फील्डांना लावू नये ते यासाठी.

हाताने जोडलेल्या यूआरएलमध्ये +91 लिहिलं तर सर्व्हरवर अधिकाच्या जागी स्पेस येते. तिथे एनकोड करणारं फंक्शन वापरा. मोबाईल आणि पिनकोड कधीही इंटिजर म्हणून साठवू नका, त्यांची बेरीज कोणी करत नाही.

‘टाइप डेट’चं फील्ड पडद्यावर दिवस-महिना-वर्ष दाखवो वा काहीही, सर्व्हरला नेहमी वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने जातं. गोंधळ होतो तो साध्या टेक्स्ट फील्डमध्ये. ‘स्ट्रटूटाइम’ला 03/04/2025 दिलं तर ते अमेरिकी पद्धतीने ४ मार्च वाचतं, आणि 03-04-2025 दिलं तर ३ एप्रिल. १२ तारखेपर्यंतच्या जन्मतारखा उलट्या आणि पुढच्या रिकाम्या असं दिसलं, तर हेच झालं आहे. कोणता क्रम अपेक्षित आहे ते स्पष्ट सांगणारं ‘क्रिएट फ्रॉम फॉरमॅट’ वापरा.

पत्त्याच्या चौकोनात ५०० अक्षरांची मर्यादा असताना सर्व्हरला ५१० का मिळतात? ब्राउझर पाठवताना प्रत्येक ओळबदल दोन चिन्हांचा करतो, मोजताना एकच धरतो. दहा ओळबदल, दहा जास्तीची चिन्हं.

अवतरणचिन्हापुढे उलट्या तिरक्या रेघा साचत असतील आणि साइट वर्डप्रेसवर असेल, तर तिथे पोस्ट ॲरेत त्या अजूनही मुद्दाम घातल्या जातात. पीएचपीने या रेघा आपोआप घालणारे मॅजिक कोट्स ५.४ मध्येच काढून टाकले, वर्डप्रेसने ती पद्धत ठेवली आहे. वाचताना ‘डब्ल्यूपी_अनस्लॅश’ लावा. ‘आणि’च्या चिन्हापुढे काहीबाही वाढत असेल तर साठवताना एस्केप केलं आहे (चिन्हांचे एचटीएमएल कोड केले आहेत) आणि दाखवताना पुन्हा. साठवायचं ते जसंच्या तसं, एस्केप फक्त दाखवताना.

## फॉर्म न उघडता आलेला डेटा

काही अर्जांत पत्त्याच्या जागी जाहिरातीच्या लिंका, आणि सिलेक्टमध्ये यादीत नसलेला पर्याय? तो तुमच्या फॉर्ममधून आलेलाच नाही. सर्व्हरला थेट विनंती पाठवायला ब्राउझर लागत नाही, म्हणून ब्राउझरमधली कोणतीही तपासणी सर्व्हरसाठी असून नसल्यासारखी. पर्यायांची यादी सर्व्हरवर पुन्हा पडताळा. बॉटसाठी लपवलेलं सापळ्याचं फील्ड ठेवत असाल, तर त्याला ‘ईमेल’ किंवा ‘फोन’ असलं नाव देऊ नका. ब्राउझरचा ऑटोफिल ते भरून टाकतो आणि खरा अर्जदार बॉट ठरतो.

एकच अर्ज दोनदा येणं हे बहुतेक वेळा संथ नेटवर दोनदा दाबलेलं बटण, नाहीतर सबमिटनंतर रीफ्रेश केलेलं पान. जतन झाल्यावर ३०३ ने दुसऱ्या पानावर पाठवा आणि फॉर्मसोबत एकदाच चालणारा क्रमांक ठेवून डेटाबेसमध्ये त्यावर युनिक बंधन घाला. नुसतं बटण डिसेबल करणं पुरत नाही, आणि त्या बटणाचं नाव सर्व्हरला हवं असेल तर ते त्यासोबत गायब होतं.

## बिघाड पुन्हा घडवून आणा, मग दुरुस्त करा

नेटवर्क टॅबमध्ये त्या विनंतीवर उजवी क्लिक करून ‘कॉपी ॲज कर्ल’ घ्या (कर्ल हा टर्मिनलवरून विनंती पाठवणारा प्रोग्राम). आता फॉर्म पुन्हा पुन्हा न भरता तीच विनंती टर्मिनलवरून हवी तितक्यांदा पाठवता येते, एकेक फील्ड कमी करत. बिघाड जाण्यापूर्वी काढलेलं शेवटचं फील्ड हेच संशयित. त्या ओळीत तुमची सेशन कुकी असते, त्यामुळे ती मदतीसाठी कुठल्या ग्रुपवर टाकण्याआधी कुकी काढा.

दुरुस्ती झाली की तीच कर्ल विनंती प्रकल्पाच्या चाचण्यांत ठेवा, खऱ्या माणसाचा डेटा काढून आणि त्या जागी ‘कुऱ्हाड’ची दोन्ही रूपं, देवनागरी अंक, एक इमोजी आणि 0 घालून. आधी बिघडलेल्या नोंदींचं काय करायचं तेही आत्ताच ठरवा. प्रश्नचिन्हं झालेली नावं परत येणार नाहीत, त्या अर्जदारांना फोनच करावा लागेल. लॅटिन रांगा झालेली नावं डेटाबेसची प्रत काढून, आधी दहा नोंदींवर प्रयोग करून, मग बदला. शेवटी डीबगच्या पाच ओळी स्क्रिप्टमधून काढा आणि वेब फोल्डरबाहेर ठेवलेली ती लॉग फाइल पुसून टाका.